गुरुवारची जोडी

९ फेब्रुवारी

ती. वन्संना,
सा. न. वि. वि.

तुम्ही पाठवलेले पुढून बटणांचे दोन्ही सदरे पोचले. माप न घेता इतके बेतशीर कसे शिवलेत? ऑपरेशनपासून डावा हात खांद्याच्या वर जात नाही, त्यामुळे डोक्यातून घालायचे सगळे कपडे कपाटाच्या वरच्या फळीवर गेले होते. आता निदान माझे कपडे माझी मी घालते. निळा जास्त आवडला. आतून डावीकडे जी मऊ चुण्यांची पट्टी लावलीत, तिच्याबद्दल पत्रात तुम्ही अवाक्षर काढलं नाहीत, म्हणून मीही काढत नाही. पण कळलं हो.

फोन करणार होते, पण मागच्या वेळी तुम्ही "कोण? कोण?" असं ओरडत राहिलात आणि शेवटी "इथं असं कोणी राहत नाही" म्हणून ठेवून दिलात. त्यापेक्षा पत्र बरं.

केमोच्या चार फेऱ्या झाल्या, दोन राहिल्या. केस गेले, भुवया गेल्या, आरशात सोललेला बटाटा दिसतो. त्याचं एवढं काही नाही. पायांचं मात्र वाईट झालंय. त्या औषधाने तळव्यांची जाणीवच जाते. खाली फरशी आहे की गादी, समजत नाही. परवा ओट्याशी उभी होते ती उभ्या उभ्या खाली आले. फार लागलं नाही. हे कामावर होते. कुठल्याशा इमारतीत लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे अडकली होती आणि आत माणसं होती. मला फरशीवर बसल्या बसल्या हसूच आलं. नवरा लोकांना वर काढतोय आणि बायको खाली बसलीय.

इस्पितळातल्या व्यायामाच्या बाईंना हे सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "नाचायला या." तळमजल्यावरच्या जुन्या उपाहारगृहात दर गुरुवारी दुपारी कॅन्सरच्या पेशंटांचा वर्ग असतो. जोडीने नाचायचं, संथ, हात धरून. त्याने तोल सुधारतो, खांदा सुटतो, झोप लागते म्हणे. मी म्हटलं, व्यायाम सांगा, घरी करीन. तर हसल्या. "घरी कोणी करत नाही. दुसरा माणूस हात पुढे करून उभा असला की मात्र माणूस उठतो."

जोडीदार आपला आपण आणायचा. ह्यांना विचारलं. "मला नाही जमायचं," म्हणाले आणि पान्हे पुसत बसले. वन्सं, तुमचा शब्द ते खाली पडू देत नाहीत. तुम्ही दोन ओळी लिहाल का त्यांना?

तुमच्या सासूबाईंना नमस्कार. त्यांची पाठ बरी आहे ना?

तुमची,
वहिनी


१८ फेब्रुवारी

चि. सौ. वहिनीस,
अनेक आशीर्वाद.

पडलीस हे तू बटाट्याच्या आणि पट्टीच्या गप्पांमागे दडवून लिहिलंस. आधी ते लिहायचं, मग सदऱ्याचं कौतुक. ओट्याजवळ एक स्टूल ठेव आणि बसून काम कर. मोजे घालून फिरू नकोस.

बाळ्याला मी नाचायला सांगू? अगं, शाळेच्या स्नेहसंमेलनात त्याला झाड केलं होतं. नुसतं उभं राहायचं होतं, तर झाड पडदा उघडायच्या आधी पळून गेलं. नाचता येईना अंगण वाकडं ही म्हण त्याच्यासाठी नाही, तो अंगणातच येत नाही. आणि खरं सांगू? मलाही हे पटत नाही. अंगात त्राण नाही, टाके आत्ता कुठे भरलेत, आणि नाच कसला? आजाऱ्याने पडून राहावं, चार घास खावेत. आमच्या सासूबाई खाटेवरून उठत नाहीत, पण वेळच्या वेळी जेवतात, म्हणून टिकून आहेत.

त्याला त्रास देऊ नकोस. तो बोलत नाही, पण आत जळत असतो. आई गेल्यावर मीच वाढवलंय त्याला, मला ठाऊक आहे.

तुझी,
वन्सं


१० मार्च

ती. वन्संना,
सा. न. वि. वि.

रागावू नका, मी गेले. एकटीच.

पाचवी फेरी झाल्यावर जिना उतरताना कठडा सोडवेना. तिथेच थांबून राहिले. शेजारची बाई वर येत होती, तिने विचारलं, "काही विसरलं का?" मी "हो" म्हटलं आणि ती जाईपर्यंत तशीच उभी. त्या दिवशी ठरवलं.

हॉल काही बघण्यासारखा नाही. टेबलं भिंतीला लावलेली, खिडकीत जुना टेपरेकॉर्डर, अजून तळणीचा वास. पंधरा-वीस माणसं. कोणाच्या डोक्याला रुमाल, कोणाच्या हाताला पट्टी, एकीने केसांचा टोप घातला होता तो गिरकी घेताना तिरका झाला, तर तिने तो काढून खुंटीला अडकवला आणि पुढचा नाच सुरू केला. मी भिंतीशी बसले होते. बाई एका उंच, वाळलेल्या गृहस्थांना घेऊन आल्या. "ह्यांनाही जोडीदार नाही," म्हणाल्या.

त्यांना सगळे मास्तर म्हणतात. जन्मभर लोकांना मोटार शिकवली. घशाच्या कॅन्सरने स्वरयंत्र गेलं, गळ्याला भोक आहे, त्यावर जाळीचं फडकं. बोलता येत नाही. खिशात लहान पाटी ठेवतात. माझ्यासमोर उभं राहून त्यांनी लिहिलं, "तीस वर्षं ओरडलो. आता हातानेच सांगतो." मग पाटी खिशात टाकली आणि हात पुढे केला.

वन्संबाई, कसं सांगू? त्यांचा एक हात माझ्या पाठीवर, उजव्या बाजूला, फार हलका. पुढे जायचं असलं की तळवा किंचित दाबतो, थांबायचं असलं की सैल पडतो. पायांना जमीन समजत नव्हती, पण पाठीला तो हात समजत होता. त्याच्या भरवशावर पाय टाकत गेले. एकदा तोल गेला, तर मास्तरांचा उजवा पाय आपोआप जमिनीवर दाबला गेला. ब्रेक! मला इतकं हसू आलं की थांबावं लागलं. तेही हसत होते, आवाज नाही, नुसते खांदे हलत होते.

घरी येऊन झोपले ती सरळ सकाळी उठले. पाच महिन्यांत सुई टोचायला, टाके बघायला किंवा दाब मोजायलाच माणसांनी मला हात लावला होता. दुसऱ्या कशासाठी म्हणून कोणी हात लावला तर माणूस असा झोपतो, हे विसरले होते.

तुम्हाला आवडणार नाही, माहीत आहे. पण लपवायचं नव्हतं.

तुमची,
वहिनी


१७ मार्च

चि. सौ. वहिनीस,
आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं. घरचा माणूस नको म्हणाला, म्हणून परक्या माणसाच्या गळ्यात पडायचं? तो आजारी असो की मुका असो, परका तो परकाच. माझा भाऊ दिवसभर अंधाऱ्या खड्ड्यात ग्रीस लावत राबतो आणि त्याची बायको दुपारी हॉलमध्ये खिदळते, हे चारचौघांनी त्याला सांगण्यापेक्षा मी सांगितलेलं बरं. त्यालाही आजच लिहिलं आहे.

आजारपणात माणसाचं डोकं ठिकाणावर राहत नाही, असं समजून तुला माफ करते.

वन्सं


३ एप्रिल

ती. वन्संना,
सा. न. वि. वि.

उत्तर लिहायला उशीर केला, कारण काय लिहावं ते घडेपर्यंत मलाही माहीत नव्हतं.

तुमचं पत्र ह्यांना मिळालं तेव्हा मला काहीच बोलले नाहीत. पुढच्या गुरुवारी मी नाचत होते आणि वळताना दारात हे दिसले. कामाच्या कपड्यांत, हत्यारांची पिशवी खांद्याला. मी तिथेच थांबले. मास्तरांना काय झालं कळेना, ते बिचारे पाटी काढायला लागले. पुन्हा बघितलं तर दार रिकामं.

घरी आले तर हे टेबलाशी बसलेले. दोन कप चहा केला होता, दोन्ही निवलेले.

"ताईचं पत्र आलं होतं," म्हणाले.

"मग बोला ना. काय बोलायचं ते बोला."

"तू हसत होतीस."

"हो, हसत होते."

"माझ्यासमोर हसत नाहीस."

"तुम्ही समोर असता कुठे?"

वन्सं, तुम्हाला कधी लिहिलं नाही ते आज लिहिते. ऑपरेशन झाल्यापासून हे बाहेरच्या खोलीत झोपतात. पहाटे कामावर जायचं असतं, तुझी झोपमोड नको, म्हणाले. मी मानलं. मग जेवायला समोर बसायचे बंद झाले. औषधाची गोळी हातावर द्यायचे ती बशीत ठेवून द्यायला लागले. मला वाटलं, किळस आली. अर्धी छाती, टक्कल, तोंडाला औषधाचा वास. मला माझीच येत होती, त्यांना काय दोष देऊ?

म्हणून त्या दिवशी विचारलंच. "माझी किळस येते का?"

ते असे बघायला लागले, जणू मी त्यांच्या थोबाडीत मारली. मग म्हणाले, "नळीच्या दिवशी तू ओरडलीस."

ऑपरेशननंतर जखमेत नळी होती, तिची पट्टी घरी हेच बदलायचे. एकदा पट्टी सोलताना नळी ओढली गेली आणि मी ओरडले म्हणे. मला आठवतसुद्धा नाही. त्या आठवड्यात मी कितीदा ओरडले असेन.

"मला आठवतं," हे म्हणाले. "मी हात लावला आणि तू ओरडलीस. आता हात पुढे केला की ते ऐकू येतं."

पाच महिने, वन्सं. एका ओरडण्यापायी पाच महिने हा माणूस भिंतीपलीकडे जागा होता आणि मी अलीकडे.

मी विचारलं, "लिफ्टमध्ये माणूस अडकला तर आधी काय करता?"

"बोलतो त्याच्याशी. बाहेर मी आहे म्हणून सांगतो. दार नंतर उघडतं."

"मग मला का नाही सांगितलंत?"

मी उठले आणि त्यांचा हात धरून माझ्या पाठीवर ठेवला, मास्तर ठेवतात तिथे. त्यांनी तो तिथेच ठेवला. नाच वगैरे काही झाला नाही. खिडकीशी नुसते उभे राहिलो. खाली रस्त्यावर लोक कामावरून घरी परतत होते. हे रडले. मी नाही रडले, मला त्यांचा भार पेलायचा होता, आणि पेलला. पायांनी पेलला, वन्सं!

तुमच्या पत्राने हे झालं. तुम्ही लिहिलंत दुसऱ्याच कारणाने, तरी.

तुमची,
वहिनी


१२ एप्रिल

चि. सौ. वहिनीस,
अनेक आशीर्वाद.

माझं ते पत्र चुलीत घाल. चूल नसेल तर फाडून टाक.

तुमच्या भिंतीचं वाचून मला जेवण गेलं नाही. सासूबाईंनी विचारलं, काय झालं? त्यांना वाचून दाखवलं. मी ओरडून वाचते, त्यामुळे गल्लीलाही कळलं असेल. त्या म्हणाल्या, "मला तरी कोण हात लावतं? तू अंग पुसतेस ते भांडं घासल्यासारखं." घे! म्हटलं, बरं, या मग. त्यांना खाटेच्या कडेला बसवलं, दोन्ही हात धरले आणि डावीकडे-उजवीकडे डोलवलं. रेडिओ लावला होता, मला काही ऐकू येत नव्हतं, त्याच सांगत होत्या, "आता हळू, आता जोरात." दमल्यावर म्हणतात कशा, "नाच येतो गं तुला, पण नवरा म्हणून तू शोभत नाहीस." एवढ्या वर्षांत त्या माझ्याशी पहिल्यांदा थट्टा करून बोलल्या.

बाळ्याला म्हणावं, आता झाड होऊ नकोस. आणि त्या मास्तरांना माझा नमस्कार सांग, ऐकू न येणारीचा न बोलणाऱ्याला.

तुझी,
वन्सं


२६ जुलै

ती. ताईस,
सा. न.

मी पत्र लिहीत नाही हे तुला माहीत आहे. पण हे तिच्याकडून तुला कळणार नाही, म्हणून लिहितो.

तिचा आजार यकृतात गेला आहे. मे महिन्यात तपासणीत दिसलं. डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून सांगितलं. अजून औषध आहे, पण ते दिवस वाढवायला, बरं करायला नाही. ती तिथे शांत होती. बाहेर आल्यावर म्हणाली, "वन्संना कळवायचं नाही. त्या सासूबाईंना तशाच टाकून धावत येतील आणि दोन्हीकडे जीव अर्धा करतील." मी हो म्हटलं. आता शब्द मोडतो आहे. मला एकट्याला हे पेलत नाही. तुला कळलंय असं तिला दाखवू नकोस.

गुरुवारी आम्ही जातो. मी मालकांना सांगून त्या दुपारी सुट्टी घेतो. पहिले दोन-तीन आठवडे मला काहीच जमलं नाही. मी पायांकडेच बघायचो. मग मास्तरांनी मला बाजूला घेतलं. तिला खुर्चीवर बसवलं आणि स्वतः तिच्या जागी उभे राहिले. सगळा हॉल बघतोय, दोन पुरुष नाचतायत. मी ढकलत होतो. त्यांनी पाटीवर लिहिलं, "गाडी तुमची नाही. तुम्ही फक्त रस्ता दाखवा." दुसऱ्यांदा लिहिलं, "क्लच हळू सोडा." हे मला समजलं. लिफ्टचंही तसंच आहे, थांबताना धक्का बसला तर आतला माणूस घाबरतो.

आता जमतं. तिला एका गाण्यापुरतंच उभं राहता येतं, मग बसते. पण त्या एका गाण्यात ती कुठे दुखतंय ते सांगत नाही आणि मी विचारत नाही. ताई, बाकी सगळा आठवडा आम्ही पेशंट आणि तिचा माणूस असतो. तेवढा वेळ नवरा-बायको असतो.

बाळ्या


८ ऑगस्ट

ती. वन्संना,
सा. न. वि. वि.

इकडे सगळं ठीक आहे. केस आलेत, बारीक कुरळे, मेंढीसारखे. तळव्यांना फरशीचा गारवा कळायला लागलाय. सकाळी अनवाणी फिरते आणि हे ओरडतात. हे आता नाचतात, सांगितलं तर विश्वास बसणार नाही. नाचताना ओठ हलतात, मोजत असतात मनात, पण चेहरा असा जणू पाचव्या मजल्यावरून दोरखंड सोडतायत.

थंडी सरली की तुमच्याकडे यायचं म्हणतो. सासूबाईंना माझ्या हातचं सूप करून घालीन.

एक काम होतं. निळ्यासारखा आणखी एक सदरा शिवाल का? कंबरेला जरा सैल. बसून बसून पोट सुटलंय. खांद्यात मात्र थोडा आत घ्या, आधीचा उतरतो. बाहीही जरा अरुंद चालेल.

तुमची,
वहिनी


१६ ऑगस्ट

माझ्या लाडक्या वहिनीस,
अनेकानेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून फार फार आनंद झाला. तुझी तब्येत सुधारते आहे ही देवाची कृपा. केस कुरळे आले तर तू किती गोड दिसत असशील! थंडी सरली की नक्की या, मी माडीवरची खोली झाडून ठेवते. सासूबाई रोज तुझं नाव काढतात.

सदरा सोबत पाठवते आहे. खांदे आत घेतलेत. कंबरेत सोडलंय, आणि आत शिवणीत कापड ठेवलंय, आणखी सैल लागला तर नुसती आतली टीप उसवायची. कापड मऊ घेतलंय, त्वचेला टोचणार नाही.

पोरी, जप स्वतःला. तू आम्हाला सगळ्यांना फार हवी आहेस.

तुझीच,
वन्सं


२० सप्टेंबर

ती. वन्संना,
सा. न. वि. वि.

लग्न झाल्यापासून तुम्ही मला एकदाही "लाडकी" म्हटलं नव्हतंत. पत्राच्या पहिल्या ओळीलाच मी ह्यांच्याकडे बघितलं आणि ह्यांनी मान खाली घातली. खोटं बोलणं ना तुम्हाला येत, ना तुमच्या भावाला. आणि मीही कोणाला फसवत होते? खांद्यात आत आणि कंबरेत सैल, हे माप वाचून शिवणारणीला काय कळायचं राहतं! टीप उसवली आहे, वन्सं. कापड ठेवलंत ते बरं केलंत.

पोटात पाणी भरतं. दर काही दिवसांनी काढतात. डोळे पिवळे झालेत. हॉलमध्ये आता मला खुर्चीवरून नेतात, चाकांच्या. उभी राहत नाही. हे समोर दुसरी खुर्ची घेऊन बसतात, हात धरतात आणि आम्ही खांद्यांनीच काय ते नाचतो. बाई म्हणाल्या, हाही नाचच. मला खरं तर तो नाच वाटत नाही, पण हात धरलेले असतात, तेवढं पुरे.

मरायची भीती वाटते. वाटत नाही असं लिहिलं तर पुन्हा खोटं होईल. दुपारी घर शांत झालं की जास्त वाटते. पण माझ्यामागे ह्यांचं काय, ह्याची भीती वेगळीच आहे. त्यांना बोलायला मी आत्ता कुठे शिकवलं. हा माणूस पुन्हा पान्हे पुसत बसेल. काल तसं म्हटलं, तर म्हणाले, "बसेन. थोडे दिवस बसू दे." मी म्हटलं, "थोडेच हं."

आमचे हे सहा महिने आजाराने दिले असं मी म्हणणार नाही. आजाराने काही दिलं नाही, घेतलंच. ते आम्ही दोघांनी त्याच्या हातून ओढून घेतले. त्यात तुमच्या त्या भयंकर पत्राचाही हात आहे, म्हणून तुमचे आभार मानायचे राहिले होते.

हात दुखतो. थांबते.

तुमची लाडकी,
वहिनी


२ नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न.

तार तुला मिळाली. तू यायला निघालीस आणि सासूबाईंना ताप भरला म्हणून अर्ध्या वाटेतून परतलीस, हे कळलं. मनाला लावून घेऊ नकोस. तू असतीस तरी त्या दिवशी करायला कोणाला काही उरलं नव्हतं.

तुला सगळं सांगायचं आहे. तोंडाने सांगता आलं नसतं.

शेवटच्या गुरुवारी ती हट्टाने आली. खुर्ची भिंतीशी लावायला सांगितली आणि मला म्हणाली, "त्या बेकरीवाल्या बाईंबरोबर नाचा." त्या नवीन आल्या होत्या, त्यांचा नवरा पिशवी मांडीवर घेऊन कोपऱ्यात बसला होता. मी नको म्हटलं. ती म्हणाली, "मला बघायचंय. मला तुम्ही नाचताना कधी दिसलाच नाहीत, जवळून काय दिसणार?" म्हणून नाचलो. दोनदा त्यांच्या पायावर पाय दिला. ती खुर्चीतून ओरडत होती, "खाली बघू नका! वर बघा!" हॉलमध्ये सगळे हसले. ती किती दमली ते मला गाडीत बसवताना कळलं.

त्यानंतर ती उठली नाही. घरीच राहायचं म्हणाली. नर्स रोज यायची. तिला कुशीवर बरं वाटायचं, म्हणून मी मागे बसून पाठीवर हात ठेवायचो. पाठीची सगळी हाडं लागायची. श्वास आला की पाठ तळव्याला टेकायची, गेला की सुटायची. नाचात पाठीवरचा हात पुढे काय ते सांगतो. मला पुढचं काय माहीत होतं? मी नुसता ठेवला. एकदा ती डोळे मिटूनच म्हणाली, "झोपलात का?" मी म्हटलं, "नाही, इथेच आहे." "मग ठीक," म्हणाली. नंतर ती काही बोलली नाही.

मंगळवारी सकाळी उजाडल्यावर श्वास गेला आणि आला नाही. मी वाट बघितली. कधी कधी उशिराने यायचा. नर्स आली, तिने बघितलं आणि म्हणाली, "आता हात काढा." तेव्हा काढला. तळवा अजून ऊब धरून होता, ती तिची की माझी, कळेना.

मास्तर आले होते. पाटी त्यांनी खिशातून काढली नाही. सगळं आटपेपर्यंत माझ्या शेजारी उभे राहिले आणि मग चालत गेले.

परवा गुरुवार होता. मी दुपारी हात धुतले, स्वच्छ सदरा घातला, जोडे घातले, कुलूप लावलं. जिना अर्धा उतरल्यावर आठवलं. तिथेच बसलो. बराच वेळ बसलो. वर जायचं की खाली, ते ठरेना.

व्यायामाच्या बाईंचा निरोप आला, वर्गात पुरुष कमी पडतात, जमेल तेव्हा या. अजून जमणार नाही. कळवलं तसं.

घरात आवाज नाही, ताई.

बाळ्या


८ नोव्हेंबर

चि. बाळ्यास,
आशीर्वाद.

सासूबाईंचा ताप उतरला. तुझं पत्र त्यांना वाचून दाखवता दाखवता माझा आवाज बसला. त्या म्हणाल्या, "मला उचल आणि चल." मी म्हटलं, तुम्हाला प्रवास झेपायचा नाही. तर म्हणाल्या, "इथं पडून तरी मी काय झेपवते आहे?"

शिवणाचं दुकान बंद केलंय. समोरच्या डॉक्टरांनी गाडीत त्यांना आडवं ठेवायची सोय करून दिली. पुढच्या शनिवारी निघतो. बाहेरच्या खोलीत त्यांची खाट खिडकीशी लाव, त्यांना रस्ता बघायला लागतो. मी आतल्या खोलीत जमिनीवर झोपेन. किती दिवस राहणार ते विचारू नकोस, मलाच माहीत नाही.

तिचे कपडे आवरले असशील तर ठीक, नसशील तर तसेच राहू दे, आपण दोघं मिळून बघू. पान्हे पुसत बसला असशील तर बस. मी त्यातलं काही बोलणार नाही.

रविवारी दुपार टळून जाईल पोचायला. जेवायला आमच्यासाठी थांबू नकोस, असं लिहिणार होते. पण थांब.

तुझी,
ताई